कोपऱ्यातली फुली

लिफ्टमध्ये माणसं कुठे बघतात, हा प्रश्न पूर्वी सोपा होता. दारावर लाल आकडे असायचे, तिकडे बघायची. चाराचे पाच होण्यात काही थरार असतो असं नाही; पण तिकडे बघितलं नाही तर शेजारच्याकडे बघावं लागतं, आणि शेजारच्याकडे बघितलं की मेंटेनन्सचा विषय निघतो. मध्यंतरी एका जाहिरात कंपनीनं आमच्या लिफ्टमध्ये त्या आकड्यांना अगदी खेटून एक पडदा बसवून दिला. फुकट. वर सोसायटीला महिन्याला थोडी रक्कमही मिळणार होती. कमिटीनं स्वतःचं अभिनंदन करणारा ठराव मंजूर केला: भिंतीचा एवढासा तुकडा, त्यानं काय जातंय आपलं? त्या कंपनीला भिंतीशी काहीच कर्तव्य नव्हतं. दुसरीकडे कुठे बघायची सोय नसलेली बिऱ्हाडं तिला हवी होती, आणि ती आम्ही दिवसातून चार-चार वेळा वरखाली करून पुरवत होतो. आता इमारतीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा दाताचं रूट कॅनॉल कुठे होतं आणि टक्कल कुठे भरून मिळतं हे पाठ आहे. आपण कितव्या मजल्यावर आलो, हे मात्र कळत नाही. परवा एक गृहस्थ बोलता बोलता आमच्याच दारात येऊन चपला काढू लागले होते.

आपण समोरचं सगळं बघतो, हा आपला गोड गैरसमज आहे. हात लांब करून अंगठा वर धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा भाग काय तो डोळ्याला स्वच्छ दिसतो. बाकीचं सगळं धूसर, मेंदूनं अंदाजपंचे रंगवलेलं. हा अंगठाभर उजेड सेकंदाला तीन-चार उड्या मारत हिंडत असतो आणि प्रत्येक उडीच्या दरम्यान आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणजे माणूस दिवसातला बराच वेळ उघड्या डोळ्यांनी आंधळा असतो. सरकारी कचेरीत खिडकीसमोर उभं राहिलेल्यांना हे सांगायला नको.

वाचताना डोळा ओळीवरून सरळ घरंगळत जात नाही, उड्या मारत जातो, ही गोष्ट पॅरिसमधल्या एमिल जावाल नावाच्या नेत्रवैद्याच्या शाळेतून १८७०च्या दशकात पुढे आली. ती मोजायला पुढे जे प्रकार झाले, ते ऐकून आजच्या जाहिरातवाल्यांविषयी जरा बरं मत होतं. अमेरिकेत एडमंड ह्यूई नावाच्या मानसशास्त्रज्ञानं प्लास्टर ऑफ पॅरिसची बारीकशी वाटी केली, तिला मधोमध भोक पाडलं, कोकेननं डोळा बधिर करून ती बुबुळावर बसवली आणि तिला अॅल्युमिनियमची सूक्ष्म काडी जोडली. वाचणारा वाचतोय आणि काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघोट्या ओढतेय. ह्यावरचं त्याचं पुस्तक १९०८ साली आलं. डोळ्यात प्लास्टर घालून वाचायला बसणारी माणसं त्याला कुठे मिळाली, हे कुतूहल मला आहेच. आपल्याकडे कोऱ्या डोळ्यांनी वाचणारा मिळवताना प्रकाशकांचा जीव जातो.

पण ह्या सगळ्या मंडळींत मला मानाचं पान वाढावंसं वाटतं ते मॉस्कोच्या आल्फ्रेड यार्बुसला. ह्यानंही लोकांच्या डोळ्यांना चिकटणाऱ्या टोप्या लावल्या, त्यांवर इवलासा आरसा बसवला आणि इल्या रेपिनचं एक चित्र समोर ठेवलं. चित्रात हद्दपारीत गेलेला एक माणूस वर्षानुवर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना घरात पाऊल टाकतोय आणि घरातले चमकून बघताहेत. चित्र तेच, माणूस तोच. यार्बुस फक्त प्रश्न बदलायचा. ह्या लोकांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवरून फिरायची. घरची परिस्थिती कशी आहे म्हटलं की तीच नजर चेहरे सोडून कपड्यांवर आणि सामानावर जायची. पाहुणा किती वर्षांनी आला असेल, असं विचारलं की एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर येरझाऱ्या. थोडक्यात, डोळा कुठे जाणार हे नुसतं चित्र ठरवत नाही, मनातला प्रश्नही ठरवतो. ह्यावरचं त्याचं पुस्तक रशियनमध्ये १९६५ साली आलं, इंग्रजीत १९६७ साली. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हा प्रयोग विनाटोपी चालू होता. एकच दिवाणखाना, मुलाचे वडील खोलीचं क्षेत्रफळ काढताहेत, आई पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघतेय, आत्याची नजर मुलीच्या आईच्या पाटल्यांवर आणि मुलगा बशीतल्या खोबऱ्याकडे. मुलीकडे कोण बघत होतं, हा प्रश्न घरी परतताना रिक्षात निघतो.

आता डोळ्यांत काही घालावं लागत नाही. पडद्याखाली इन्फ्रारेड कॅमेरा बसवतात, तो बुबुळावरच्या चकाकीवरून नजर टिपतो आणि मग त्या पानाचा एक नकाशा निघतो: जास्त बघितलं तिथे लाल, कमी तिथे पिवळं, कुणी ढुंकून बघितलं नाही तिथे काहीच नाही. वेबची पानं तपासणाऱ्या याकोब नील्सन ह्यांच्या संस्थेनं २००६ साली २३२ माणसांचे असे नकाशे जाहीर केले आणि त्यांत इंग्रजी एफ उमटलेला दिसला. माणूस वरची ओळ डावीकडून उजवीकडे बघतो, जरा खाली येऊन अजून एक अर्धी ओळ बघतो आणि मग डाव्या कडेनं सरळ खाली घसरतो. उजवीकडे खाली काय लिहिलंय, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. हेसुद्धा घाईतल्या माणसाचं आणि नुसत्या मजकुरानं गच्च भरलेल्या पानाचं. हे वाचल्यापासून मी माझ्या लेखातले चांगले विनोद परिच्छेदाच्या सुरुवातीला आणून बघितले. संपादकांनी तिथूनच कापले.

ह्या नकाशांतली दुसरी गंमत म्हणजे जाहिरातींच्या जागी पडलेला दुष्काळ. वेबवरची पहिली आडवी जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड ह्या संकेतस्थळावर झळकली आणि बघणाऱ्यांपैकी शेकडा चव्वेचाळीस जणांनी म्हणे तिच्यावर टिचकी मारली. लोक भाबडे होते. चारच वर्षांत, १९९८ साली, बेनवे आणि लेन ह्या दोघांनी दाखवून दिलं, की माणसं जी गोष्ट शोधताहेत तीच जर मोठ्या, रंगीत, चौकोनी पट्टीत ठेवली तर ती त्यांना सापडत नाही. जितकं ठळक करावं तितकं ते जाहिरातीसारखं दिसतं आणि जाहिरात असेल तर डोळे तिला वळसा घालून जातात. हे एकदा कळलं की कित्येक गोष्टींचा उलगडा होतो. बँकेच्या अॅपमधली ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही लालपिवळी पट्टी कुणीच का वाचत नाही, ह्याचा. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचासुद्धा. खरं तर माणसाची नजर सगळ्यात आधी चेहऱ्यावर जाते. पण फ्लेक्सवर एक चेहरा दादांचा, त्याच्यावर पाच श्रेष्ठींचे आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले पंचवीस. नजरेनं जायचं कुणाकडे? ती सरळ सिग्नलकडे जाते आणि सिग्नल त्या फ्लेक्सनंच झाकलेला असतो.

बातम्यांच्या वाहिन्यांचा धंदा ह्याच्या नेमका उलट. तिथे वळसा घालायला जागाच ठेवलेली नसते. मधे निवेदिका, तिच्याभोवती खिडक्यांतून भांडणारे सहा जण, कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्या कोपऱ्यात सोन्याचा भाव, लाल पट्टीत ‘सर्वात मोठी बातमी’, तिच्याखाली तिच्याहून मोठी बातमी आणि सगळ्यात खाली सरकती ओळ. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेतल्या वाहिन्यांनी त्या भयानक दिवशी निकड म्हणून सरकती पट्टी लावली, ती पुढे वर्षानुवर्षं मुक्कामालाच राहिली. तिच्यात खुबी आहे. डोळ्याच्या कडेला बारीक तपशील दिसत नाही, पण हललेलं चटकन दिसतं. झुडपातल्या वाघासाठी झालेली ही सोय आता मोसंबीच्या भावासाठी वापरली जाते.

आमच्या घरी ह्या पडद्याची वाटणी झालेली आहे. वडील आवाज बंद करून फक्त सरकती ओळ वाचतात आणि तीही मोठ्यानं, त्यामुळे आवाज बंद केल्याचा फायदा होत नाही. मावशी आली की ती निवेदिकेचं ब्लाउज बघते. भाच्याला कोपऱ्यातला क्रिकेटचा स्कोअर दिसतो, पण निवडणुकीचे निकाल दिसत नाहीत. तासभर चौघांनी एकच वाहिनी बघितल्यावर जेवताना काय झालं ते विचारलं, तर चौघं चार देशांतून आल्यासारखे बोलतात.

इथवर ठीक आहे. बघा म्हणणाऱ्याकडे आपण बघत नाही किंवा भलतीकडे बघतो. लबाडी कुठेच नाही. माझी खरी तक्रार आहे ती बघू नका म्हणणाऱ्यांबद्दल. कोपऱ्यातली ती फुली.

पॉल फिट्स नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. लष्करी विमानांतल्या वैमानिकांच्या चुका तपासून, त्यात दोष माणसाचा किती आणि दांडे-खटके कुठे बसवलेत ह्याचा किती, हे त्यानं पाहिलं होतं. १९५४ साली त्यानं एक नियम मांडला: निशाण जितकं लांब आणि जितकं बारीक, तितका तिथे पोचायला वेळ लागतो. हा नियम बटणं मोठी आणि जवळ ठेवण्यासाठी वापरावा, असं कुणाही सज्जनाला वाटेल. पण जाहिरातवाल्यानं तो उलटा धरला. जाहिरात पडदाभर आणि ती बंद करायची फुली पडद्याच्या पार वरच्या टोकाला, तिळाएवढी, पांढऱ्यावर करड्या रंगात. ती लगेच येतही नाही. आधी पाच, चार, तीन असे आकडे उतरतात. मग आपण अंगठा टेकवायला जावं तर अंगठाच फुलीच्या वीसपट मोठा. तो जाहिरातीवर पडतो आणि आपण गुडघेदुखीच्या तेलाच्या दुकानात जाऊन पोचतो. काही जाहिरातींत तर दोन फुल्या असतात. त्यांतली एक नुसती चितारलेली.

करडा रंग हे ह्या लोकांचं आवडतं शस्त्र आहे. ‘होय’ हिरव्या रंगात, ठसठशीत, गोल कोपऱ्यांचं. ‘नको’ त्याच्याखाली फिक्कट, विनाचौकट, बटण आहे की छपाईतला डाग असा संशय यावा असं. हॅरी ब्रिग्नल ह्या ब्रिटिश डिझायनरनं २०१० साली असल्या हिकमतींना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला ह्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नोंदवले. यादी वाचताना ओळखीचे चेहरे भेटल्याचा आनंद होतो. ‘फक्त दोनच खोल्या शिल्लक’ ही खोटी घाई. आपण न मागता टोपलीत शिरलेली वस्तू. शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवलेलं शुल्क. आणि नाही म्हणणाऱ्याला लाज आणणं. ह्याचं उदाहरण म्हणून त्यात विमानाच्या तिकिटाबरोबरचा विमा दिलाय: तो नाकारणाऱ्याच्या तोंडी ‘मी असुरक्षित राहीन’ असं वाक्य घालायचं. आपल्या पंगतीतला जिलेबीचा आग्रह हाच. ‘राहू दे मग, आमच्या हातची आवडली नसेल’ असं यजमानीणबाईंनी म्हटल्यावर कुणाची छाती आहे नको म्हणायची? एवढंच, की त्या बाई जिलेबीचं बिल लावत नाहीत.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर लेखापरीक्षणात होते, अजूनही मनानं तिथेच आहेत. नजरेच्या नकाशांचं शास्त्र जगात कुठे ढेपाळलं असेल तर त्यांच्यापुढे. त्यांच्या मनातला प्रश्न एकच: पैसे कुठे चालले? त्यामुळे कुठलंही पान ते उजव्या कोपऱ्यात, तळाशी, बेरजेपासून वाचायला घेतात आणि मग उलटे वर चढतात. हिरवं बटण त्यांना दिसत नाही, हसरी मुलगी दिसत नाही, ‘अभिनंदन’ तर मुळीच नाही. वर्तमानपत्रातही त्यांचं पहिलं पान म्हणजे जाहीर नोटिसा. एकदा ते मुलाच्या फोनवरून कुठल्याशा कंपनीचं बसचं तिकीट काढत होते, तेव्हा मी शेजारी होतो. पडद्यावर गडगडाट चालला होता: आत्ता इतके जण हीच बस बघताहेत, एवढ्याच जागा उरल्या, दहा मिनिटांत ठरवा. माझा हात थरथरायला लागला. काका शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, “बघू देत की. बस बघायला पैसे पडत नाहीत.” मग त्यांनी आधीच बरोबरची खूण केलेला विमा शोधून काढला, त्याच्याखालची कुठल्याशा उपक्रमाला परस्पर दिलेली देणगी शोधून काढली आणि ‘सुविधा शुल्क’ ह्या शब्दापाशी थांबून मला विचारलं, “सुविधा कुणाची?” मला उत्तर आलं नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, आता पैसे भरा ना!”

पण यार्बुसचा नियम काकांनाही सुटत नाही, कारण प्रश्न नजरेला वाट दाखवतो तसा झापडंही बांधतो. हार्वर्डमध्ये सायमन्स आणि शाब्री ह्या दोघांचा एक प्रयोग झाला होता, १९९९ सालचा. चेंडू किती वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेला ते मोजा, असं सांगून चित्रफीत दाखवली. मधेच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत आली. मोजणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना ती दिसलीच नाही. काकांनी त्या तिकिटातला शेवटचा पैसासुद्धा तपासला होता. तारीख पुढच्या महिन्याची पडली होती. ती पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरांत होती.

ह्या सगळ्या धुमश्चक्रीतून एकच व्यक्ती मला सहीसलामत सुटलेली दिसते, आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली. सुरुवातीला लोक तिला फोन उलटा करून हिरवी खूण दाखवायचे. ती उन्हात डोळे बारीक करून बघायची आणि जुनं चित्र दाखवून कोथिंबीर घेऊन जाणारे महाभागही निघाले. मग तिच्या टोपलीमागे तो बोलणारा डबा आला. ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असं डबा बोलतो आणि बाईंना पडद्याकडे बघावंच लागत नाही. माझ्या मते गेल्या कैक वर्षांतलं हे सर्वांत हुशार पडदा-डिझाइन आहे, पडदा काढूनच टाकणारं. मोकळी झालेली नजर बाई टोमॅटो दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बोटांवर ठेवतात. “ताई, दाबू नका, दिसतंय ते” हे वाक्य हल्ली जास्त ऐकू येतं.

काकांनी मात्र पडद्याचा नाद सोडलेला नाही. हल्ली ते एका बचत योजनेचा ऑनलाइन अर्ज भरताहेत. त्यात शेवटी चौकोन आहे: ‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.’ सगळं जग ह्या चौकोनात डोळे मिटून खूण करतं. हे पान रचणाऱ्यालाही तेच अपेक्षित असतं. काकांनी ‘अटी व शर्ती’ ह्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचायला बसले. अक्षर मुंगीएवढं, म्हणून भिंग घेतलं. वाचता वाचता पडद्यावर आलं की बराच वेळ काही हालचाल नसल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिलं कलम. पुन्हा बाहेर. ह्या यंत्रणेला वाचणारा माणूस आजवर भेटलाच नसावा, त्यामुळे न हलणारा तो मेलेला असं ती धरून चालते. काल संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. त्यात लाल शाईनं लिहिलं होतं: ‘कलम १७ (ब) पर्यंत तपासले. पुढील तपासणी उद्या.’ खाली तारीख आणि आद्याक्षरांची सही.